तश्रीहे मन्सूरी आणि मज्जातंतूंच्या सात जोड्या

शरीररचनाशास्त्रातील मेंदू व मज्जातंतूंचा भाग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना नेहमीच अवघड वाटत आला आहे. नावे पुष्कळ, मार्ग गुंतागुंतीचे आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे थोडे. त्यामुळे पाठांतरासाठी टिपणे, तक्ते व पद्ये तयार करण्याची परंपराही फार जुनी आहे.

नवव्या शतकात बगदाद येथे हुनैन इब्न इसहाक यांनी विद्यार्थ्यांसाठी वैद्यक प्रश्नोत्तररूपाने मांडले. इब्न सीना (निधन १०३७) यांनी ‘अल्-कानून’सारखा विस्तृत ग्रंथ लिहिलाच, शिवाय वैद्यकाचे सार तेराशेहून अधिक अरबी पद्यांत बांधले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मन्सूर इब्न इलियास यांनी ‘तश्रीहे मन्सूरी’ हा फारसी ग्रंथ रचला व तैमूरचा नातू पीर मुहंमद यास अर्पण केला. अस्थी, मज्जातंतू, स्नायू, शिरा व धमन्या अशी त्याची पाच प्रकरणे असून प्रत्येकास मानवाकृतीचे चित्र आहे. मज्जातंतूंच्या चित्रात शरीर पाठीमागून दाखविले आहे. डोके इतके मागे कलले आहे की, चेहरा उलटा दिसतो. मज्जातंतूंच्या जोड्या निरनिराळ्या रंगांच्या शाईने काढल्या आहेत. आजचा विद्यार्थी रंगीत पेन्सिली घेऊन वहीत जे करतो, तेच हे होय.

परंतु या परंपरेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या सात, ही गणना दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याची. आज आपण ज्यांना नववी, दहावी व अकरावी जोडी म्हणतो, त्या तिन्ही त्याने सहाव्या जोडीत घातल्या होत्या. हीच गणना अरबी व फारसी ग्रंथांत आली आणि युरोपात १५४३ साली व्हेसॅलियसनेही ती कायम ठेवली. १६६४ मध्ये थॉमस विलिसने मेंदूच्या विच्छेदनावरून नवी मांडणी केली. आजच्या बारा जोड्या १७७८ मध्ये सोमरिंगने निश्चित केल्या. म्हणजे सुमारे दीड हजार वर्षे टिपणावरून टिपण उतरत राहिले.

याच्या उलट उदाहरणही आपल्याजवळ आहे. सुमारे १२०० साली इजिप्तमधील दुष्काळात अब्दुल लतीफ बगदादी यांनी मृतांचे असंख्य सांगाडे स्वतः तपासले आणि खालचा जबडा दोन नव्हे, एकच अस्थी आहे, असे गॅलेनच्या विरुद्ध नमूद केले. गॅलेनविषयी त्यांना आदर होता. तरी डोळ्यांच्या साक्षीला त्यांनी अधिक मान दिला.

मज्जातंतूंसाठी मन्सूर यांनी वापरलेला ‘असब’, अनेकवचनी ‘आसाब’, हा शब्द उर्दूत आजही रूढ आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकविले गेले. शब्द तोच राहिला, गणना मात्र सातावरून बारावर गेली होती.

आपले विद्यार्थी मार्गदर्शिका व झेरॉक्स टिपणांवर विसंबतात, अशी आपण तक्रार करतो. टिपण वाईट नाही. मन्सूर यांनीही तेच केले. मात्र टिपण हातात देताना, ‘हे कोणी, कशावरून पाहिले?’ हा प्रश्नही आपण विद्यार्थ्याच्या हाती द्यावयास हवा.