कोकेन, पानाचा विडा आणि नमुना निवड

‘तरुणांमधील कोकेन वापराचे स्वरूप आणि पूर्वसूचक घटक’ हा विषय घेऊन माण तालुक्यात सर्वेक्षण करायचं म्हटलं, तर आधी एक गणित करा. २०१९ च्या राष्ट्रीय अहवालानुसार १० ते ७५ वयोगटात कोकेन वापरणारे ०.१० टक्के आहेत. हाच दर धरला तर दहिवडी-म्हसवडच्या ५०० तरुणांत किती सापडतील? सरासरी अर्धा! दर चौपट धरला तरी दोनच. दोघांवरून पूर्वसूचक घटक कसे ठरवणार?

मग इतक्या दुर्मिळ सवयीची माहिती येते कुठून? इथे इतिहास कामाला येतो.

१८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याची जागा बधिर करायला कोकेन वापरून दाखवलं. औषध म्हणून ते जगभर गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता, मुंबईत नशेसाठीही विकलं जाऊ लागलं. आपल्याकडे ते बहुतेक पानातून खाल्लं जायचं. यामागचं रसायनशास्त्र सोपं आहे. चुन्यामुळे तोंडातलं माध्यम अल्कधर्मी होतं आणि कोकेन गालाच्या आतून लवकर शोषलं जातं. अँडीज पर्वतातले लोक कोकाची पानं चुना किंवा राखेसोबत चघळतात, ते याच तत्त्वावर.

कलकत्त्याचे डॉ. कैलासचंद्र बोस यांनी १९०२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये यावर लिहिलं. १९३० मध्ये घातक औषधी द्रव्य कायदा आला. १९३१ मध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्याचा भारतातल्या कोकेनच्या सवयीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आता नीट बघा. डॉक्टरला दिसतो तो आजारी पडलेला, पोलिसांना दिसतो तो पकडला गेलेला. गुपचूप विडा खाऊन घरी गेलेला माणूस कुठल्याच नोंदीत नाही. अशा नोंदींतून ‘गरिबी’ हा घटक पुढे आला, तर तो वापराचा घटक की पकडलं जाण्याचा? हा फरक सुटला, की एखाद्या वस्तीवर उगाच शिक्का बसतो, आणि तो पुसायला आपला प्रबंध पुरत नाही.

म्हणून जुनी नोंद असो वा आजची प्रश्नावली, पहिला प्रश्न हाच: यात कोण आलं, कोण सुटलं? आणि माणमध्येच काम करायचं असेल तर दारूचा विचार करा. त्याच अहवालात तिचं प्रमाण १४.६ टक्के आहे; म्हणजे ५०० जणांत साधारण ७३. तिथे निदान विश्लेषण तरी उभं राहतं.