माया लोकांचे जलमार्ग

माया संस्कृतीचें नांव निघालें कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें पायऱ्यापायऱ्यांचीं उत्तुंग देवालयें, शिलालेख आणि पंचांगाचें किचकट गणित उभें राहतें. शून्याची कल्पना या लोकांना स्वतंत्रपणें सुचली होती, म्हणून त्यांच्याविषयीं आपणांस थोडा आपलेपणाही वाटतो. परंतु ज्या संपत्तीवर हीं देवालयें उभीं राहिलीं ती कोणत्या वाटेनें आली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या वाटेचा एक तुकडा अद्यापि शाबूत आहे व त्यावरून आजही नाव वल्हवीत जातां येतें.

हा तुकडा युकातान द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, सियान काआन नामक संरक्षित प्रदेशांत आहे. 'आकाशाचें जन्मस्थान' असा या माया नांवाचा अर्थ सांगतात. सव्वापांच लक्ष हेक्टरांचा हा प्रदेश मेक्सिको सरकारनें १९८६ सालीं राखीव केला आणि पुढच्याच वर्षीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. जमीन सारी चुनखडीची. पावसाचें पाणी खडकांत झिरपतें, भूगर्भांतून वाहतें आणि किनाऱ्याजवळ झऱ्यांच्या रूपानें वर येऊन सरोवरें भरतें. मुयिल आणि चुन्याश्चे हीं अशींच दोन सरोवरें. त्यांना जोडणारा एक कालवा आहे, आणि तेथून पुढें खारफुटींतून व दलदलींतून पाण्याची वाट समुद्राच्या बाजूस जाते. ही वाट कांहीं अंशीं निसर्गाची व कांहीं अंशीं मनुष्याच्या हातची आहे. तेथील तांबडी खारफुटी आणि कोंकणच्या खाड्यांतील कांदळ हीं एकाच प्रजातींतलीं झाडें होत. ओहोटीच्या वेळीं कांदळाचीं कमानदार मुळें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस अशा रानांतून वाट काढणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

आणि ती वाट काढली कशी? या लोकांपाशीं लोखंड नव्हतें, ओझ्याचें जनावर नव्हतें, गाडीही नव्हती. जमिनीवरून न्यावयाचा माल माणसाच्या पाठीवरूनच जावयाचा. अशा देशांत एका नावेची किंमत किती, याचा वाचकांनींच हिशेब करावा. सरोवराच्या कांठचें मुयिल हें नगर ख्रिस्तपूर्व कालापासून थेट स्पॅनिश लोकांच्या आगमनाच्या सुमारापर्यंत वसलेलें होतें. त्यांतील सर्वांत उंच मंदिर सुमारें १७ मीटर आहे. कालव्याच्या कांठीं एक लहानशी दगडी वास्तु आहे, ती येणाऱ्याजाणाऱ्या नावांची तपासणी करण्याचें नाकें असावी, असा कित्येक विद्वानांचा तर्क आहे. ग्वातेमालाच्या डोंगरांतील ज्वालामुखीची काळी कांच, मोतागुआच्या खोऱ्यांतील हिरवा जेड, उत्तर किनाऱ्याचें मीठ, मध, कापूस आणि कोको यांचा व्यापार या किनाऱ्यानें चाले.

या व्यापाराचें उत्तम वर्णन मिळतें तें मात्र परक्याच्या लेखणींतून. १५०२ सालीं कोलंबस आपल्या चौथ्या सफरींत होंडुरासजवळच्या ग्वानाहा बेटाशीं आला असतां त्याच्या लोकांस एक प्रचंड नाव भेटली. ती एकाच झाडाच्या खोडाची, आठ फूट रुंद, मध्यें पानांचें छप्पर व पंचवीस वल्हेकरी असलेली अशी होती. आंत सुती वस्त्रें, तांब्याच्या कुऱ्हाडी व घंटा, आणि कोकोच्या बिया. सफरीवर बापाबरोबर असलेल्या लहानग्या फर्नांदोनें पुढें लिहून ठेविलें आहे कीं, यांतली एखादी बी खालीं पडली तर ते लोक जणूं डोळाच निखळून पडला अशा घाईनें ती उचलीत. त्या मुलास त्यांचें नवल वाटलें. पण कोकोच्या बिया हें त्या देशाचें चलन होतें! मोहर पडली असतां आपण वांकतों, तसेच ते वांकत होते.

स्वतः माया लोकांचें लेखी साहित्य फारसें उरलें नाहीं. १५६२ सालीं मानी येथें दिएगो दे लांदा या धर्मगुरूनें त्यांच्या पोथ्या जाळल्या. आज सर्व जगांत चार उरल्या आहेत. म्हणून चिखलालाच साक्षीदार मानावें लागतें, आणि तो साक्षीदार बरा निघाला. २००४ सालीं दक्षिणेकडील बेलीझमध्यें खारफुटीच्या कुजलेल्या थरांत, एका प्राचीन मिठागराच्या जागीं, लांकडाचें एक संपूर्ण वल्हें सांपडलें. उष्ण प्रदेशांत लांकूड टिकत नाहीं. तें टिकलें तें त्या थरांत हवा शिरत नाहीं म्हणून. खारफुटी तोडली तर केवळ पक्षी व मासेच जातील असें नव्हे, हा पुरावाही जाईल.

येथें एका भ्रमाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. 'मय' हें नांव महाभारतांत आहे, त्यानें पांडवांची सभा बांधिली, तेव्हां हे मायाही आपलेच, असें प्रतिपादन आपल्याकडे अधूनमधून होतें. नामसादृश्यापलीकडे त्यास आधार नाहीं. शिवाय तें नकळत अन्यायाचें आहे. ज्यांनीं चिखलांत उभें राहून कालवा खोदला त्यांचें श्रेय आपण दुसऱ्याच्या पदरांत घालतों. 'माया लुप्त झाले' हें वाक्य आम्हांस तितकेंच सदोष वाटतें. युकातेक माया बोलणारे सात लक्षांहून अधिक लोक आज मेक्सिकोंत आहेत. १८४७ सालीं बंड करून याच पूर्वेकडील रानांत त्यांनीं १९०१ पर्यंत आपलें स्वातंत्र्य राखलें होतें. आज मुयिलच्या कालव्यावर प्रवाशांस नेणारे वाटाडे बहुधा त्याच भागांतील माया असून त्यांच्या सहकारी संस्था आहेत.

प्रवासी हल्लीं तेथें कायाकमधून जातात. ही वस्तुतः ध्रुवाकडील लोकांची कातड्याची होडी. ती आतां प्लॅस्टिकची होऊन उष्ण कटिबंधांत उतरली आहे. माया भाषेंत होडीस 'चेम' म्हणतात. तरी यंत्राच्या बोटीपेक्षां कायाक बरी, कारण तिच्या आवाजानें बगळा उडत नाहीं आणि वाटाड्याचें बोलणें ऐकूं येतें. २०२३ च्या डिसेंबरांत तुलुमजवळ विमानतळ उघडल्यापासून तेथें पोंचणें सोपें झालें आहे. जे कोणी जातील त्यांनीं आधीं मुयिलचे अवशेष पाहावे आणि मग पाण्यांत उतरावें. कालव्यांतला प्रवाह हळूहळू समुद्राकडे नेतो, माल भरलेल्या नावा त्यानेंच जात असत.