क्रेडिट कार्डातून दरमहा परस्पर पैसे जातायत? असे ओळखा, असे थांबवा

मुलाने मोबाईलवर ‘सात दिवस मोफत’ लिहिलेले ॲप घेतले. अब्बांनी कार्डाचा नंबर आणि ओटीपी दिला. आठवड्याने ॲप काढून टाकले आणि घरच्यांना वाटले, विषय संपला. पण कार्डातून दरमहा १९९ रुपये जातच राहतात. वर्षाचे झाले २,३८८ रुपये. ॲप डिलीट केले म्हणजे वर्गणी बंद झाली, असे होत नाही.

बिल कसे वाचावे

फक्त एकूण रक्कम पाहून बिल भरू नका. मागची तीन बिले शेजारी ठेवा. तीच रक्कम, तेच नाव, जवळपास तीच तारीख दिसली की खूण करा. वर्षातून एकदाच कटणारे पैसेही असतात, म्हणून एकदा बारा महिन्यांची बिले चाळा. दुकानाचे किंवा ॲपचे नाव बिलावर वेगळे येऊ शकते. त्यामुळे ओरडण्याआधी घरात सर्वांना विचारा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कपातीसाठी सुरुवातीला ओटीपीने मंजुरी लागते. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचे असते. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या कपातींना मात्र पुन्हा ओटीपी लागत नाही. म्हणून बँकेचा मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

दोन ठिकाणी बंद करा

पहिले, ॲप किंवा वेबसाईटच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. दुसरे, बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ शोधून मंजुरी काढून घ्या. ही सोय बँकेने द्यायलाच हवी. परदेशी खरेदी करत नसाल तर कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार ॲपमधूनच बंद ठेवा.

तक्रार कोणती?

इथे खरे बोलणे महत्त्वाचे. होकार आपणच दिला होता आणि रद्द करायचे राहून गेले, तर ती फसवणूक नव्हे. कंपनीकडे परतावा मागा. रद्द करूनही पैसे कटले, तर तो पुरावा जोडून बँकेत वाद नोंदवा. रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे हा ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’. केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला मनाई केली आहे. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

व्यवहार मुळात आपला नसेलच, तर आधी कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा, मग १९३० वर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहाराचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर भुर्दंड आपल्यावर येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवले तर मर्यादित रक्कम सोसावी लागते. ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

बिल अडवू नका

व्याज लागू नये म्हणून आपल्यातले बरेच जण पूर्ण बिल वेळेवर भरतात. रागाच्या भरात ‘हे १९९ भरणारच नाही’ म्हणून बिल अपुरे भरले, तर बिनव्याजी मुदत जाऊ शकते आणि किराणा-औषधांच्या खरेदीवरही व्याज चढते. फसवणूक म्हणून वाद नोंदवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क लावायला मनाई आहे. ती रक्कम वगळून किती भरायचे, हे बँकेकडून लेखी घ्या. बाकी वादांत सोपा मार्ग हाच: बिल पूर्ण भरा, तक्रार चालू ठेवा, पैसे परत मागा.

बँकेने ऐकले नाही तर

तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेचे कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे म्हणून तिथे खेटे घालायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार घरबसल्या करता येते. माहितीसाठी १४४४८.

अम्मी-अब्बूंच्या नावावर कार्ड असेल, तर महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत बसून बिल वाचा. दहा मिनिटांचे काम आहे.