लांबी, पॉलिश पेपर आणि फायबरग्लासचा स्कूप

मंडळी, रास लफान म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? पहाटेची कंपनीची बस, फ्लेअरच्या ज्वाळा आणि एलएनजीच्या प्रचंड टाक्या. नॉर्थ फील्डचा साठा १९७१ साली सापडला, १९८४ मध्ये कतारगॅस स्थापन झाली, डिसेंबर १९९६ मध्ये पहिलं जहाज जपानला रवाना झालं आणि २००४ पासून आपल्या दहेजलाही इथला वायू जाऊ लागला. हा मोठा इतिहास पुस्तकांत आहे. मला आज सांगायचा आहे तो एका लहानशा वस्तूचा इतिहास. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीच्या बॉनेटवरचा फायबरग्लासचा फुगवटा, ज्याला मोटारवेडे लोक 'हूड स्कूप' म्हणतात.

निमित्त असं झालं की, आमच्या प्लांटमधल्या एका कतारी सहकाऱ्याने १९६९ सालची मस्टँग घेतली. तिच्या बॉनेटवर बसवायला त्याने अमेरिकेहून फायबरग्लासचा स्कूप मागवला आणि तो तयार करून रंगवायचं काम अल खोरच्या एका वर्कशॉपमधल्या रत्नागिरीकडच्या पेंटरकडे दिलं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. माझी रोजीरोटी फायबरग्लासच्या पाइपांची तपासणी करण्यात चालते, म्हणून मीही कुतूहलाने सलग चार शुक्रवार तिथे जाऊन बसलो. बघता बघता लक्षात आलं, की या दोन फुटांच्या तुकड्यात अमेरिका, मुंबई, गोवा आणि आखात असे सगळेच सामावलेले आहेत.

आधी स्कूप कशासाठी, ते बघू. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला भरपूर आणि थंड हवा लागते. बॉनेटखाली हवा तापलेली असते, आणि तापलेली हवा विरळ असते. २५ अंशांची हवा ५० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ८ टक्क्यांनी घटते, म्हणजे प्रत्येक घोटात इंजिनाला तेवढा ऑक्सिजन कमी मिळतो. बॉनेटला भोक पाडून बाहेरची हवा थेट आत घेतली तर हे नुकसान बरंचसं टळतं. गंमत अशी, की १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओवरचे स्कूप नुसते शोभेचेच होते, आतून बंद! १९६९ च्या मस्टँग मॅक १ वरचा साधा स्कूपही तसाच. खरी हवा घेणारा, इंजिनाबरोबर थरथरणारा 'शेकर' स्कूप हवा असेल तर जादा पैसे मोजावे लागत. म्हणजे दिखाऊपणा हा काही आपल्याकडच्या लग्नांचाच मक्ता नाही!

आता फायबरग्लास. काचेचे बारीक धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याचं तंत्र अमेरिकेत १९३० च्या दशकात बसलं आणि १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात पॉलिस्टर रेझिनची जोड मिळाली आणि विमानांच्या रडारची आवरणं या मालाची बनू लागली. युद्ध संपल्यावर होड्या आल्या, मग मोटारी. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट गावी पहिली शेवरोले कॉर्व्हेट बाहेर पडली. त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या आणि बव्हंशी हाताने बांधलेल्या. पत्र्याचे भाग ठोकायला अवाढव्य आणि महागडे डाय लागतात. थोड्याच गाड्या काढायच्या तर तो खर्च परवडत नाही. फायबरला एक साचा, रेझिनची बादली आणि कसबी हात पुरतात.

नेमक्या याच कारणाने फायबर आपल्याकडे रुजलं. लायसन्स-परमिटच्या काळात मोठा कारखाना काढणं म्हणजे दिव्यच. बंगळूरच्या सिपानींनी १९७० च्या दशकात 'बादल' ही तीनचाकी आणि १९८२ च्या सुमारास 'डॉल्फिन' ही छोटी मोटार फायबरच्या अंगाने काढली. १९९८ च्या सुमारास गोव्यात 'सान स्टॉर्म' ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार आली. आराखडा फ्रेंच, इंजिन ११४९ सीसीचं रेनॉचं आणि अंग फायबरचं. आपल्या अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन टाकून फायबरची रोडस्टर बनवली. या गाड्या फार खपल्या नाहीत हे खरं, पण फायबर घासणारे, जोडणारे, रंगवणारे हात त्यांनी तयार केले.

अर्थात त्या हातांची मूळ शाळा पत्र्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट, मग १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने गाड्या निघत राहिल्या. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुनीच दुरुस्त करून पळवायची. त्यातून गल्लोगल्ली डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं उभी राहिली. लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, मग डुको मारायचा. हा 'डुको' म्हणजे मुळात ड्यू पाँट कंपनीने १९२० च्या दशकात आणलेला झटपट वाळणारा रंग. या रंगाचं नाव आपल्या गॅरेजवाल्यांनी क्रियापदासारखं वापरलं! १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात पैसा आला आणि याच गॅरेजांतली कोकणची मुलं इकडे आली. चाचा त्यांच्यातलेच.

तर चाचांचं काम. स्कूप हातात घेऊन ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, फायबर लई गोड दिसतं, पण पोटात काय ते सांगत नाही." साच्यातून सुटावा म्हणून स्कूपला मेण लावलेलं असतं. ते आधी साबणाने आणि मग मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसायचं, आणि त्यानंतरच पेपर लावायचा. उलट केलं तर घासताना मेण आत दाबलं जातं आणि नंतर रंग धरत नाही. मग तुकडा दोन-तीन दिवस उन्हात, म्हणजे रेझिनमधला उरलासुरला वास उडून जावा. १८० नंबरच्या पेपरने चमक मारली, तशी टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसू लागली. ती पॉलिस्टर लांबीने एकेक करून भरली. पत्र्यावर चालणारा अॅसिडचा प्रायमर इथे उपयोगाचा नाही, रंग उतरवायचं केमिकल तर मुळीच नाही, कारण ते रेझिनलाच खातं. आधी इपॉक्सी, त्यावर जाड थराचा प्रायमर, त्यावर काळ्या रंगाची हलकी फवारणी. लाकडी ठोकळ्यावर ४०० चा पेपर गुंडाळून घासलं की उंचवट्यावरचा काळा जातो आणि खड्ड्यातला राहतो. डोळ्यांना न दिसणारा खड्डा असा पकडला जातो.

खरी मेख बसवण्यात होती. दुसऱ्या एका वर्कशॉपने मालकाला सल्ला दिला होता, की स्कूप लांबीने बॉनेटमध्येच मुरवून टाका, सांधा दिसणार नाही. चाचांनी मान हलवली. तापल्यावर फायबर पत्र्याच्या जवळपास दुप्पट फुगतं. ऑगस्टमध्ये अल खोरच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटला हात लावून बघा! दोन भाग वेगवेगळे फुगले की मधली लांबी तडकते आणि वर्षभरात सांध्याची रेघ रंगातून वर येते. आमच्या पाइपलाइनवर फायबर आणि पोलाद जिथे भेटतात तिथे आम्ही मधे गास्केट घालून बोल्ट लावतो. चाचांनीही तेच केलं: खालून बोल्ट, मधे रबराची पट्टी, आणि स्कूप वेगळा रंगवलेला. मी हे गणिताने शिकलो, ते तडकलेल्या गाड्या बघून शिकले. उत्तर एकच आलं.

एक गोष्ट मात्र मला सलत राहिली. हल्लीच्या टू-पॅक रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. फायबरची धूळही फुप्फुसांना बरी नव्हे. चाचा आता बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालतात, पण सुरुवातीची कित्येक वर्षं तोंडाला नुसता पंचा बांधून गेली. चार पायऱ्या चढल्या की त्यांना थांबावं लागतं. पुढच्या वर्षी ते कायमचे गावी चाललेत. मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो. या धंद्यात तो येणार नाही आणि यावं असं त्यांनाही वाटत नाही. मग ठोकळा कसा धरायचा, लांबी किती पातळ ओढायची, हे सगळं त्यांच्याबरोबरच जाणार.

मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. ते योग्यच होतं. पण त्या टॅक्स्या ज्यांनी ठोकूनठाकून इतकी वर्षं धावत्या ठेवल्या, त्यांच्याबद्दल कोणी किती लिहिलं? जपलेली गाडी संग्रहालयात जाते, मालकाचं नाव पाटीवर येतं. रंगाऱ्याचं कुठेच नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या मंडळात कॅमेरा हाताळणारी, उत्साही मुलं पुष्कळ आहेत. अल खोर आणि दोह्यातल्या वर्कशॉपमध्ये आपली मराठी बोलणारे डेंटर, पेंटर, वेल्डर आहेत. शुक्रवारच्या दोन सकाळी काढून त्यांना बोलतं करा, त्यांचे हात काम करताना टिपून ठेवा. चाचांची परवानगी मी काढून ठेवली आहे. त्यांचं तिकीट मार्चचं आहे.