एक प्रश्न, दोन अर्थ : लघवी वाढवणाऱ्या औषधांचा इतिहास (थ्रेड)

१/ माहीम पश्चिमेस एस. एल. रहेजा रुग्णालय आहे. ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ डायबेटिस’ हे त्याचे जोडनाव. मधुमेहाच्या निदानात एक साधा प्रश्न ठरलेला असतो : “रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते?” आज हाच प्रश्न औषध सुरू झाल्यावरही विचारावा लागतो. रोगाची खूण औषधाचा परिणाम कशी झाली, त्याचा हा इतिहास.

२/ आयुर्वेदातील ‘प्रमेह’ या शब्दातच भरपूर मूत्रविसर्जनाचा अर्थ आहे. प्रमेहाचे २० प्रकार सांगितले गेले आणि मधुमेह हा त्यांपैकी एक. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण चरकसंहितेत आहे. ‘डायबेटिस’ या ग्रीक शब्दाचा रोखही आरपार वाहून जाण्याकडेच आहे. १७७६ मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी मूत्र आटवून दाखवले आणि तळाशी साखर उरली.

३/ साखरेने लघवी का वाढते? मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील जवळजवळ सगळी साखर ती परत रक्तात ओढून घेतात. रक्तातील साखर फार वाढली की ही ओढण्याची शक्ती अपुरी पडते. उरलेली साखर मूत्रात उतरते आणि आपल्याबरोबर पाणीही खेचून नेते. म्हणून तहान, म्हणून लघवी.

४/ आता युरोपात जाऊ. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून ‘फ्लोरिझिन’ नावाचा कडू पदार्थ वेगळा काढण्यात आला. सिंकोनाची सालही कडूच. तेव्हा हे द्रव्यही तापावर चालेल, अशी अपेक्षा होती. अर्धशतकानंतर, १८८६ च्या सुमारास, जर्मन वैद्य योसेफ फॉन मेरिंग यांना भलतेच आढळले : फ्लोरिझिन दिलेल्या कुत्र्यांच्या मूत्रात साखर उतरत होती.

५/ त्या काळाच्या दृष्टीने हा दोषच होता. औषध देऊन मधुमेहाचे सोंग उभे राहत होते! फ्लोरिझिन प्रयोगशाळेत गेले आणि मूत्रपिंडाचा अभ्यास करण्याचे साधन म्हणून तिथेच राहिले.

६/ दुसरी घटना १९१९ ची, व्हिएन्नातील. आल्फ्रेड फोगल या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने उपदंशाच्या एका तरुण रुग्णाला ‘नोव्हासुरॉल’ हे पाऱ्याचे इंजेक्शन दिले. परिचारिकांनी लघवीच्या मापाची नोंद ठेवली होती, आणि इंजेक्शनानंतर तो आकडा एकदम चढला. औषध उपदंशाचे होते. लघवी हा त्याचा दुष्परिणाम. पण हृदयविकाराने अंगावर सूज चढलेल्यांना नेमके हेच हवे होते. पारा विषारी असूनही पुढची काही दशके सूज उतरवण्यासाठी पाऱ्याची औषधे वापरली गेली.

७/ तोच क्रम पुन्हा घडला. जंतुसंसर्गावरील सल्फानिलमाइड घेणाऱ्यांच्या रक्तातील आम्लता वाढे. हा दुष्परिणाम मूत्रपिंडाच्या कामात होणाऱ्या ढवळाढवळीमुळे होता. १९४९ मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी ते हृदयविकाराच्या रुग्णांना देऊन पाहिले. लघवी वाढली, सूज उतरली. त्याच रासायनिक वाटेने १९५७ मध्ये क्लोरोथायझाइड आले. रक्तदाबाच्या रुग्णांना आज दिल्या जाणाऱ्या अनेक ‘पाण्याच्या गोळ्या’ या घराण्यातल्या.

८/ मुंबईत याच दशकात, १९५५ मध्ये, डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. माहीमचे रुग्णालय याच संस्थेचे. त्या काळी मधुमेहावरील उपचाराचे गणित सरळ होते : इन्सुलिनने रक्तातील साखर उतरली की लघवीही कमी होई. कमी लघवी म्हणजे सुधारणा.

९/ हे गणित फ्लोरिझिनने उलटवले. १९८७ मध्ये मधुमेही उंदरांना ते दिल्यावर साखर मूत्रावाटे बाहेर पडली आणि त्यांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम पुन्हा नीट होऊ लागला. पण हे द्रव्य पोटातच मोडत असे, शिवाय आतड्यांनाही त्रास देई. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा साचा बदलत नेला. अखेर २०१२ मध्ये ‘डॅपाग्लिफ्लोझिन’ला युरोपात मान्यता मिळाली.

१०/ ही गोळी मूत्रपिंडाची साखर परत ओढण्याची वाटच अडवते. मधुमेही व्यक्तीच्या शरीरातून रोज ६० ते ८० ग्रॅम साखर मूत्रातून जाऊ शकते, आणि लघवी काहीशे मिलिलिटरने वाढते. २०१५ मध्ये याच कुळातील एम्पाग्लिफ्लोझिनची ७,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराने होणारे मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक घटले होते. मधुमेहाचे औषध हृदयाचे आणि मूत्रपिंडाचेही औषध ठरले.

११/ भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. सुमारे ६० रुपयांची गोळी दहा रुपयांच्या आसपास मिळू लागली. सफरचंदाच्या सालीतले ते जुने गुपित चाळीतल्या औषधाच्या डब्यापर्यंत पोहोचले.

१२/ इथे इतिहास रस्त्यावर येतो. वाढलेली लघवी जाणार कुठे? २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. पुरुषांना मुतारी फुकट, स्त्रियांना मात्र पैसे, हा तिचा मुख्य आक्षेप होता. दिवसभर टोपली घेऊन बसणाऱ्या मासेविक्रेतीला किंवा गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासापर्यंत रात्री चालत जाणाऱ्या आजोबांना दुष्परिणामांच्या यादीतील ‘वारंवार लघवी’ हे दोन शब्द किरकोळ नसतात.

१३/ अशा वेळी माणूस दोन उपाय परस्पर शोधतो : पाणी पिणे टाळणे किंवा गोळी सोडणे. दोन्ही महागात पडतात. पाणी तोडले की शरीर कोरडे पडते, रक्तदाब उतरतो, चक्कर येते. गोळी सोडली की हृदयाला मिळणारे संरक्षण जाते. जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग आणि क्वचित, विशेषतः कडक उपवासात, रक्तातील आम्लता वाढणे हेही धोके आहेत. उपाय मात्र साधे असतात : गोळीची वेळ सकाळची ठेवणे, मात्रा तपासून घेणे. पण त्यासाठी संकोच सोडून डॉक्टरांना सांगावे लागते.

१४/ फोगल यांचा शोध कशामुळे लागला? कुणीतरी लघवी मोजून लिहून ठेवली होती म्हणून. ज्याला दुष्परिणाम म्हणून बाजूला सारले, त्यातूनच वैद्यकाने दोनदा-तीनदा औषध घडवले, आणि प्रत्येक वेळी सुरुवात एका नोंदीने झाली. म्हणून “रात्री किती वेळा उठता?” या प्रश्नाचे खरे उत्तर देणे लाजिरवाणे नाही. त्यानंतर दुसरा प्रश्नही विचारला जायला हवा : “आणि दिवसा जायला जागा आहे का?”