वहीतली आडवी रेघ

लग्नपत्रिकेच्या तळाशी हल्ली एक ओळ हमखास असते : 'कृपया आहेर आणू नये.' कधी तिचे रूप अधिक सौम्य असते : 'आपली उपस्थिती हाच आहेर.' ही ओळ वाचून मलाही बरीच वर्षे बरेच वाटत असे. समाज शहाणा होतो आहे, देण्याघेण्याचे लोढणे गळून पडते आहे, असे मी समजत होतो. गेल्या वर्षी घरातली जुनी ट्रंक उपसताना आजोबांच्या हातची आहेराची वही सापडली आणि या समजुतीला पहिला तडा गेला.

वही 1951 सालची, माझ्या आत्याच्या लग्नातली. लाल कापडी बांधणीची, लांबट, वाण्याच्या दुकानात असते तशी. पानावर चार रकाने : नाव, गाव, जिन्नस, रोख. रोखीच्या रकान्यात सव्वा रुपया, दोन रुपये, क्वचित पाच. जिन्नसाच्या रकान्यात खण, नारळ, तांब्या, पातेले. बहुतेक नोंदींसमोर निराळ्या शाईत एक बारीक फुली आहे. त्या घरी पुढे कार्य निघाले, तेव्हा आपण तेवढाच आहेर परत केला, अशी ती खूण. मात्र तिसऱ्या पानावर एका नोंदीपाशी मी अडखळलो. 'मळ्यातली म्हातारी : वाकळ 1.' रोखीच्या रकान्यात आडवी रेघ. पुढे फुली नाही. तिचे नावसुद्धा नाही.

गरीब माणसाने दिलेल्या भेटीचा इतिहास लिहायचा, तर तो या आडव्या रेघेपासून सुरू करावा लागतो. राजदरबारच्या नजराण्यांच्या याद्या दप्तरांत मिळतात, वतने आणि इनामे ताम्रपटांवर मिळतात. ज्यांनी पैशाऐवजी हातचे काही दिले, त्यांच्या भेटी वापरून झिजल्या आणि कागदावर त्यांची किंमत कुणी मांडली नाही.

आधी आहेराचे गणित पाहू. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने 1925 साली भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. देणे, घेणे आणि परत करणे या तिन्ही गोष्टी भेटीत बंधनकारक असतात, असे त्याने त्यात दाखवले. भेट ऐच्छिक दिसते, पण नसते. या मांडणीसाठी त्याने महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचाही आधार घेतला आहे. आजोबांनी मोस वाचला असण्याची शक्यता शून्य. पण त्यांच्या फुल्या नेमके तेच सांगतात. आहेर म्हणजे एका अर्थी बिनव्याजी भिशी होती. कार्य असलेल्या घरी सगळ्यांनी थोडेथोडे घालायचे आणि आपल्या घरी कार्य निघाले की ते परत यायचे. 'घरचा आहेर' हा वाक्प्रचार आज आपल्याच माणसांनी केलेल्या टीकेसाठी आपण वापरतो, कारण आपल्या माणसांनी काहीतरी द्यायचे, हे त्यात गृहीतच आहे.

या खर्चावर पहिली मोठी सरकारी चर्चा झाली ती एकोणिसाव्या शतकात. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले केले, कर्जरोखे जाळले आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. चौकशीसाठी दक्खन दंगल आयोग नेमला गेला आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रयत लग्नकार्यांत पैसे उडवते आणि म्हणून कर्जात बुडते, हे त्या काळच्या साहेबांचे आणि शिकलेल्यांचे आवडते निदान होते. आयोगाने मात्र या कारणाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असे नोंदवले. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त दिसतो खरा; पण तो क्वचित येतो आणि कर्जाचे मूळ सहसा त्यात नसते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनीही हा आरोप खोडून काढला. त्यांचा सत्यशोधक समाज तर 1873 पासूनच भटाविना, कमी खर्चाची लग्ने लावून देत होता. म्हणजे साधेपणाचा पुरस्कार करणारा माणूसच गरिबाच्या उधळेपणाचा आरोप नाकारत होता. या दोन गोष्टींत विसंगती नाही. खर्च टाळा, हे सांगणे वेगळे. तू उधळा आहेस म्हणून गरीब आहेस, हे सांगणे वेगळे.

गरिबाकडे उधळायला नव्हतेच, तर मग त्याने दिले काय? या प्रश्नाचे उत्तर बायकांच्या दुपारीत सापडते.

रुखवत घ्या. मुळात हे वराकडे पाठवायचे खाणे. त्याच्याभोवती हळूहळू हातकामाचे अख्खे दालन उभे राहिले. सुपारीचे नवरानवरी, मण्यांची तोरणे, शेवया, कुरडया, पापड. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे हे तर रवा-मैद्याचे, चिमटीत आणि बोटावर वळायचे प्रकार. कच्च्या मालाची किंमत काही आण्यांची. पण चार शेजारणींच्या कित्येक दुपारी त्यात गेलेल्या असत. संक्रांतीचे वाणही मुळात शेतातले : सुगडात गाजर, बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. जे त्या पंधरवड्यात शिवारात असते तेच एकमेकींना द्यायचे. प्रत्येकीकडे जवळपास तेच आणि तरीही देवाणघेवाण करायची, यातली मौज आर्थिक नाही, सामाजिक आहे.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणा वाटतो तो बाळंतविडा. कुंची, टोपडे, झबली, लंगोट, दुपटी आणि सोबत अळिवाचे किंवा डिंकाचे लाडू. यातले लंगोट आणि दुपटी जुन्या सुती लुगड्याची असत. याचे कारण केवळ काटकसर नव्हे. नऊवारी लुगडे वर्षानुवर्षे धुऊन इतके मऊ होते की नव्या कापडाची खळ आणि करकरीतपणा त्यात उरत नाही. नवजात कातडीला तेच मानवते. दुकानातून विकत आणता येणार नाही, असा हा मऊपणा. तो वापरानेच येतो. म्हणजे इथे स्वस्त वस्तू ही महाग वस्तूच्या जागी आलेली तडजोड नव्हती; तीच योग्य वस्तू होती. कुंचीला मात्र खणाचा एखादा नवा तुकडा लागे. तेवढ्यापुरता खर्च, बाकी आजीचे लुगडे.

वाकळेचेही तसेच. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, कडेने आत जात धावदोरा घालायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूणच हाताने वाढवत न्यायचे होते. एक वाकळ पुरी व्हायला शेतातल्या कामांतून सवड काढत काही आठवडे सहज जात.

इथवर लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख गोड झाला असता. पण हातच्या भेटींचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. 'फुकटात' झालेली भेट कुणाच्या तरी श्रमांवर उभी असते आणि ते श्रम बहुधा बाईचे असतात. आपल्याकडच्या सर्वांत प्रसिद्ध गरीब भेटीचेच उदाहरण घ्या. सुदाम्याचे पोहे सर्वांना ठाऊक आहेत. भागवताच्या दशम स्कंधात ही कथा येते. तिथे चार मुठी पोहे शेजारच्या घरांतून मागून आणते ती सुदाम्याची बायको. फाटक्या वस्त्राच्या तुकड्यात ते बांधून देते तीही तीच. कृष्णाकडे जा, असा धोशा लावणारीही तीच. सुदाम्याचा वाटा एवढाच, की तिथे पोचल्यावर तो लाजून ती पुरचुंडी पुढे करत नाही. कृष्णाला ती हिसकून घ्यावी लागते. त्या बाईचे नाव भागवतात नाही. पोहे मात्र सुदाम्याचे झाले. मळ्यातली म्हातारी आणि ही बाई यांच्यात किती शतकांचे अंतर आहे, पण वहीतली रेघ तीच आहे.

भेटीतली ही लाजही इतिहासाचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात ती शहरांनाही कळली. 1943 च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, त्याच वर्षी कापड व सूत नियंत्रणाचा आदेश निघाला. पैसे असूनही नवे कापड सहज मिळेना, तेव्हा जुन्या कापडातून नवे शिवण्याची गरिबाघरची विद्या मध्यमवर्गाच्या उपयोगी पडली. फरक इतकाच, की टंचाई सरली की मध्यमवर्गाला ती विसरता आली. गरिबाला कधी विसरता आली नाही.

आता कायद्याकडे येतो. 1961 साली हुंडाप्रतिबंधक कायदा झाला. त्याखाली 1985 साली नियम केले गेले, की वधूला आणि वराला लग्नात मिळालेल्या भेटींच्या याद्या ठेवाव्यात. प्रत्येक भेटीचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते त्यात असावे. हुंडा भेटीच्या नावाखाली लपू नये, हा हेतू रास्तच होता आणि आजही आहे. पण गंमत पाहा : माझ्या आजोबांची वहीच जणू सरकारने कायद्यात घातली. आणि अडचणही तीच राहिली. वाकळेची अंदाजे किंमत काय लिहायची? जुन्या लुगड्यांची लिहिली तर शून्य. दुपारींची लिहिली तर कुणाला देणे परवडणार नाही.

याच अडचणीमुळे 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आता मला पूर्वीसारखी निर्मळ वाटत नाही. ती लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मी जाणतो. पाकिटांचा बाजार थांबलाच पाहिजे. पण त्या ओळीने श्रीमंत पाहुण्याचे काही बिघडत नाही. तो तसाही मानाने मांडवात बसतो. ज्याच्याकडे पाकीट नव्हते आणि जो हातचे काही घेऊन मांडवात ताठ मानेने येत होता, त्याची वाट मात्र तिने बंद होते. देण्याचा हक्कही माणसाला हवा असतो. फक्त घेणारा होऊन राहणे, हे गरिबीतले सर्वांत जड ओझे आहे.

त्या वाकळेसमोर फुली का नाही, हे विचारायला मी आत्याकडे गेलो. तिचे वय आता नव्वदीच्या पुढे. तिला वाकळ लख्ख आठवत होती. मधोमध हिरव्या खणाचा चौकोन होता. जुन्या कापडाची वस्तू आहेरात द्यायची म्हणून म्हातारीने तेवढा तुकडा नवा घातला होता. आत्याची तिन्ही मुले त्या वाकळेवर वाढली. शेवटी तिच्या पोटातले कापडही विरले, तेव्हा उरल्या चिंध्यांचे पायपुसणे झाले.

"मग आपण फेडले नाही का?" मी विचारले.

आत्या हसली. म्हणाली, "अरे, आबांच्या वहीत कुठनं असणार? आई दर दिवाळीला तिच्याकडं फराळाचं ताट धाडायची. मीच न्यायची, लग्नाआधी. नि ताट कधी रिकामं परत आलं नाही. काही नसलं तर गुळाचा खडा ठेवायची म्हातारी."

लग्नाआधी, असे आत्या म्हणाली. म्हणजे वाकळ आली तेव्हा ही ताटांची ये-जा आधीपासून चालू होती. कोण कुणाचे फेडत होते, हे ठरवायला आता काहीच साधन नाही. आजोबांनी रोखीच्या रकान्यात आडवी रेघ मारली ती आळसाने की समजून, हेही मला सांगता येणार नाही. वही मी पुन्हा ट्रंकेत ठेवली आहे. त्या नोंदीपुढे फुली मारायचा मोह झाला होता, पण मारली नाही.