सव्वीस बाजूंचा गृहपाठ

नाताळच्या कागदी हस्तकलेच्या व्हिडिओंमध्ये सगळं पाच मिनिटांत होतं. घडी घाला, कापा, चमकी लावा, झालं. माझा जीव मात्र एका किचकट चांदणीत अडकला आहे. तिला मोरेव्हियन स्टार म्हणतात आणि ती जन्मली भूमितीच्या तासाला.

जर्मनीच्या पूर्व टोकाला हेर्नहूट नावाचं लहान गाव आहे. मोरेव्हियातून धर्मछळामुळे पळालेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांनी ते 1722 मध्ये वसवलं. दहाच वर्षांत या मूठभर लोकांनी परदेशी मिशनरी पाठवायला सुरुवात केली: कॅरिबियन बेटं, ग्रीनलंड, पुढे लॅब्राडोर, सुरिनाम. आईबाप तिकडे, आणि मुलं लहान वयातच शिकायला परत इकडे. जवळच्याच नीस्की गावात त्यांच्या पंथाची मुलांची निवासी शाळा होती. आई-बाबा तीनशे किलोमीटरवर आहेत म्हणून मी कुरकुरतो, तेही रोज व्हिडिओ कॉल करून. त्या मुलांची पत्रं पोचायला महिनोन् महिने लागत.

या शाळेत, साधारण 1830 च्या दशकात, घनाकृती शिकवताना मुलांकडून कागदाच्या चांदण्या करून घेऊ लागले, असं सांगतात. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिला आला की चांदण्या टांगायच्या, ही प्रथाही त्यातूनच पडली. घरापासून दूर असलेल्या मुलांना डिसेंबरात हाताला काम देणारा तो मास्तर मला फार हुशार वाटतो.

आणि काम सोपं नव्हतं. आज सर्वांत ओळखीच्या चांदणीच्या पोटात 26 बाजूंचा एक घन असतो: 18 चौरस, 8 त्रिकोण. हा आकार जुना आहे. पाचिओलीच्या 1509 च्या पुस्तकासाठी लिओनार्दो दा विंचीनं तो काढला होता. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर तीन चौरस आणि एक त्रिकोण भेटतात, म्हणजे 90 तिरीक 270 अधिक 60, एकूण 330 अंश. सपाट पृष्ठभागाला 360 लागतात. ते 30 कमी पडतात म्हणूनच कागद वळून घन होतो. असे कोपरे 24, म्हणजे एकूण तूट 720 अंश. गंमत अशी की कुठलाही बहिर्वक्र घन घ्या, ही तूट 720 च भरते. मला हे कॉलेजात कुणी कागद हातात देऊन शिकवलं असतं तर!

19 व्या शतकाच्या शेवटाकडे हेर्नहूटच्या व्हेरबेक नावाच्या पुस्तकविक्रेत्यानं या चांदणीचा धंदा केला. पत्र्याचा सांगाडा आणि त्यावर बसवायची सुटी कागदी टोकं, म्हणजे सुटी करून पाठवता येणारी वस्तू. हेर्नहूटमध्ये कागदी टोकं आजही हातानंच चिकटवतात.

भारताशीही या मंडळींचा धागा आहे. हेर्नहूटमध्ये जन्मलेला आणि नीस्कीत शिकलेला याश्के 1857 मध्ये लाहौलमधल्या केलांगला आला. त्याचा 1881 चा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश अभ्यासकांना आजही माहीत आहे. त्यानं केलांगला चांदणी टांगली का, कोण जाणे. मला आपली ती बर्फात दिसते.

करून बघायचीय? जाड कार्डशीट घ्या. 5 सेंटिमीटर पाया आणि 15 सेंटिमीटर उंचीचा एकच त्रिकोण साचा म्हणून पुरतो. चार त्रिकोण शेजारी शेजारी आखून दुमडले की चौकोनी टोक, तीन दुमडले की तिकोनी. पहिली 17 लागतात, दुसरी 8. एकूण 92 त्रिकोण. पायाशी चिकटवायच्या पट्ट्या ठेवायला विसरू नका. आधी आठ चौकोनी टोकांचा गोल पट्टा करा. त्याच्या वर आणि खाली एक चौकोनी, एक तिकोनी अशी आठ-आठ. मग तळाचं एक चौकोनी टोक. मला तीन संध्याकाळी लागल्या. लेझर कटरनं अर्ध्या तासात झालं असतं, पण कात्री चालवताना फोन बाजूला राहतो.

वरचा चौरस मोकळा ठेवा. बल्ब आणि दोरी तिथून आत जाते.